दाराचा अर्ज

नववीत असताना ‘आमची चाळ’ या विषयावर मी पाच पानी निबंध लिहिला होता. वर्गात सगळ्यांत लांब माझाच. वही परत आली तेव्हा शेवटी बाईंनी लाल शाईत एवढंच लिहिलं होतं : ‘यात नऊ गोष्टी आहेत. मला एकही कळली नाही.’

मधल्या सुट्टीत मी डोळे पुसून बाईंच्या टेबलापाशी गेले. बाई आम्हाला मराठी शिकवायच्या. पन्नाशीला आलेल्या, अंगाने बारीक, पांढऱ्या पातळाला बोटभर काठ. रोज गिरगावातून ट्रामने परळच्या आमच्या शाळेत यायच्या आणि पहिल्या तासाला कधी उशीर झाला नाही. त्यांनी माझी वही उघडली आणि पहिल्या पानावर तळहात ठेवून सगळा मजकूर झाकून टाकला.

“आता न बघता सांग. हा परिच्छेद कशाबद्दल आहे?”

“चाळीबद्दल.”

“चाळ केवढी मोठी! तिच्यातल्या कशाबद्दल?”

“नळाबद्दल. आणि गणपतीबद्दल. आणि कोपऱ्यावरच्या आजींच्या मांजरीबद्दल.”

“मग मांजर गणपती बघायला नळावर आली होती का?”

दारात उभ्या असलेल्या दोघीतिघी मुली फिदीफिदी हसल्या. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, “परिच्छेद म्हणजे एक खोली समज. एका खोलीत एकच बिऱ्हाड राहायचं.”

मी खाली मान घालून म्हटलं, “आमच्या चाळीत एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं असतात, बाई.”

“आणि मग काय होतं?”

“भांडणं.”

“तेच झालंय इथे,” बाई म्हणाल्या आणि तेव्हा कुठे हसल्या. “पहिल्या वाक्यात सांगून टाक, तुला काय सांगायचंय. भीड ठेवू नकोस. पुढची वाक्यं त्या पहिल्या वाक्याची माणसं. जे त्याचं नाही, ते बाहेर. नवीन गोष्ट आली की ओळ सोड आणि नवीन परिच्छेद घे. आणि लिहून झालं की हात ठेवून स्वतःलाच विचार, हा कशाबद्दल? एका वाक्यात उत्तर नाही आलं तर खोडून टाक.”

तो निबंध मी पाच वेळा लिहिला. पाचव्या वेळी तो एक पान उरला होता आणि त्यात फक्त नळ होता. पहाटे पाण्याआधी लागलेली हंड्यांची रांग, पाणी येताना नळातून निघणारा घर्रर्र आवाज, हंडा कुणाचा आणि नंबर कुणाचा यावरून होणारी बाचाबाची. बाईंनी खाली लिहिलं, ‘आता कळलं.’ त्या दोन शब्दांची वही मी अजून ठेवली आहे.

ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे होते. गिरणगावात भिंत दिसली की तिच्यावर ‘मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे’ असं चुन्याने नाहीतर डांबराने लिहिलेलं असायचं. लालबागेत, परळच्या मैदानावर सभा व्हायच्या. एका सोमवारी आमच्या बाई वर्गात आल्या तर त्यांच्या घशातून आवाजच निघेना. आदल्या दिवशी मोर्च्यात घोषणा देऊन त्यांचा घसा बसला होता. त्यांनी फळ्यावर लिहून तास घेतला आणि आम्ही पोरींनी तो तास टाचणी पडली तरी ऐकू येईल इतक्या शांतपणे बसून वाचला.

बाबा मला सभांना न्यायचे. ते गिरणीत साचेखात्यात होते, दोन साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवायचे. साच्यांच्या खडखडाटात वर्षानुवर्षं काढल्यामुळे त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून आम्ही कर्ण्याच्या जवळ जाऊन बसायचो. त्यांना लिहायला-वाचायला येत नव्हतं. पगाराच्या रजिस्टरवर ते अंगठा लावायचे. पण सभेहून परत येताना ते मला सगळं भाषण पुन्हा सांगत, आणि ज्या वक्त्याचं सांगता यायचं नाही त्याच्याबद्दल म्हणायचे, “तो चांगला बोलला गो बाय, पण हाताला काय लागलं नाय.” मी त्यांना बाईंची तळहाताची गोष्ट सांगितली. त्यांना ती फार आवडली. पुढच्या सभेत एक वक्ता इकडून तिकडे भरकटायला लागला तेव्हा बाबांनी माझ्याकडे बघून हळूच आपला तळहात मांडीवर पालथा ठेवला. मला हसू आवरेना.

आता चाळीची गोष्ट सांगते.

आमची चाळ एका खाजगी ट्रस्टची होती आणि तिचं ऑफिस गिरगावात होतं. आम्ही तिसऱ्या, सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहायचो. मजल्यावर वीस खोल्या, मध्ये लांबलचक गॅलरी आणि गॅलरीच्या टोकाला चार संडास, दोन पुरुषांचे आणि दोन बायकांचे. बायकांच्या दोनांपैकी एक तुंबून बंद पडला होता. दुसऱ्याचं दार पावसाळ्यात कुजलं आणि एके दिवशी बिजागरीसकट निखळून पडलं. बायकांनी चौकटीला गोणपाट बांधला आणि दार येईपर्यंत चालवून घेऊ असं ठरवलं. दार आलं नाही. गणपती गेले, दिवाळी गेली, संक्रांत आली, तरी गोणपाट तिथेच होता.

त्या गोणपाटामागे आम्ही कशा राहिलो हे मी कित्येक वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. एकटीने जाता यायचं नाही. एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेर गोणपाटाच्या कडा धरून उभं राहायचं. टमरेल घेऊन निघालेली बाई आधी सोबतीण शोधत गॅलरीभर फिरायची. आई गिरणीत सूत गुंडाळायच्या वायडिंग खात्यात होती. सातची पाळी धरायची तर त्या घाईत सोबत कुठून मिळणार? म्हणून गिरणीत जाणाऱ्या बायका सकाळी पाणीच प्यायच्या नाहीत. आम्ही मुलीही शाळेत जाताना तेच करायचो.

आणि मग फेब्रुवारीत एक दिवस आमच्या शेजारच्या खोलीतली वहिनी पडली. तिला सातवा महिना होता. सोबतीण मिळाली नाही म्हणून ती एकटीच गेली होती. वाऱ्याने गोणपाट उडायला लागला म्हणून एका हाताने तो धरून ती उठायला गेली आणि ओल्या फरशीवर तिचा पाय घसरला. पोटातलं बाळ सुखरूप राहिलं. मनगट मात्र मोडलं. प्लास्टरमधला हात गळ्यात अडकवून ती गॅलरीत बसली होती, आणि सगळ्या बायका तिच्याभोवती होत्या.

आईने मला हाक मारली. “पयले जे अर्ज गेले, तेंची नक्कल हा काय कुणाकडे?”

नक्कल काकांकडे होती. काका म्हणजे आमच्याच मजल्यावरचे एक गृहस्थ. हिंदमाता सिनेमाजवळ कापडाच्या दुकानात ते हिशेबाला होते. चाळीत शाईचं पेन खिशाला लावून फिरणारे तेच. अक्षर मोत्यासारखं. चाळीचे सगळे अर्ज तेच लिहायचे आणि मनापासून लिहायचे, हे मला सांगितलंच पाहिजे. दाराच्या प्रकरणानंतर त्यांनी ऑफिसला दोन अर्ज पाठवले होते.

मी नक्कल आणली आणि गॅलरीत बसून मोठ्याने वाचायला लागले. फुलस्केपची दोन पानं, वरपासून खालपर्यंत एकसलग, कुठे श्वास घ्यायला जागा नाही. ‘सविनय’ आणि ‘विनम्र’ आणि ‘कृपाळूपणे’ एवढ्यांतच पहिलं अर्धं पान गेलं. मग जिन्याची तुटलेली पायरी, छपराची गळती, भिंतीचं पडलेलं प्लास्टर, उंदीर, गटार, तळमजल्यावरचा दिवा, पुन्हा उंदीर. मी वाचत होते आणि आई एकेका वाक्याला मान पुढे काढून वाट बघत होती. वाचून संपलं.

“संडास खंय इलो तेच्यात?” आईने विचारलं. राग आला की तिची मालवणी वर यायची.

मी शेवटची ओळ पुन्हा वाचली. “‘तसेच स्त्रीवर्गाच्या इतर किरकोळ गैरसोयींकडेही लक्ष पुरवावे.’”

“किरकोळ?” आई म्हणाली. तिने वहिनीच्या हाताकडे बघितलं. “ह्यां किरकोळ?”

मग ती माझ्याकडे वळली. “तू लिही. तुझ्या बाई शिकवतत तसा लिही.”

मी घाबरले. मी चौदा वर्षांची होते. अर्ज लिहिणं हे मोठ्या माणसांचं, त्यातही पुरुषांचं काम. पण वीस खोल्यांतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या, आणि नाही म्हणायची सोय नव्हती.

रविवारी दुपारी जेवणं उरकल्यावर बायका गॅलरीत जमल्या. मी पाटी-पेन्सिल घेऊन बसले. सगळ्या एकदम बोलायला लागल्या. कुणी नळाचं सांगत होतं, कुणी उंदरांचं, कुणी भाडेवसुलीला येणाऱ्या माणसाच्या उद्धटपणाचं. पाटी दोनदा भरली, दोनदा मी ती पुसली. पाचपानी निबंधाची सगळी लक्षणं मला समोर दिसायला लागली. शेवटी मी पाटीवर तळहात ठेवला आणि म्हटलं, “हा अर्ज कशाचा आहे, ते मला एका वाक्यात सांगा.”

सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. ज्याचं दुःख आहे ते तोंडाने उच्चारायचं कसं, हा प्रश्न होता. संडास हा शब्द कागदावर आणि तोही बायकांचा म्हणून! मग प्लास्टर घातलेली वहिनीच म्हणाली, “दाराचा.”

“मग यात फक्त दार येईल,” मी म्हटलं.

कोपऱ्यावरच्या आजी रागावल्या. त्यांच्या खोलीचं छप्पर गळायचं, पावसाळ्यात त्या भांडी मांडून बसायच्या. “माझ्या छपराचं नको का लिहायला? मी काय चाळीत राहत नाही?”

“त्याचा वेगळा अर्ज लिहीन, आजी. यात घातलं तर दोन्ही हरवतील.”

“मोठी शहाणी झालीस,” आजी म्हणाल्या आणि उठून खोलीत गेल्या. आठ दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. मला ते फार लागलं. पण मी छप्पर अर्जात घातलं नाही.

मी लिहिलेला अर्ज मला अजून जवळजवळ पाठ आहे. पहिला परिच्छेद असा होता :

‘आमच्या तिसऱ्या मजल्यावर बायकांच्या संडासाला सात महिने दार नाही. मजल्यावर वीस खोल्या आहेत. बायकांसाठी दोन संडास आहेत, त्यांतला एक तुंबल्यामुळे बंद आहे. दुसऱ्याचे दार कुजून पडले, त्या जागी आम्ही गोणपाट बांधला आहे.’

मग एक ओळ सोडून दुसरा :

‘दार नसल्यामुळे कोणतीही बाई एकटी संडासाला जाऊ शकत नाही. एक आत गेली की दुसरीला बाहेर गोणपाट धरून उभे राहावे लागते. गिरणीत जाणाऱ्या बायका आणि शाळेत जाणाऱ्या मुली यामुळे सकाळी पाणी पीत नाहीत. मागच्या आठवड्यात एक गरोदर बाई गोणपाट सावरताना पडली आणि तिचे मनगट मोडले.’

आणि तिसरा :

‘आमच्या मागण्या दोन आहेत. आतून कडी लागेल असे दार बसवावे आणि तुंबलेला संडास साफ करून सुरू करावा. चाळीच्या इतर तक्रारींचा अर्ज आम्ही निराळा देऊ. हा अर्ज फक्त दाराचा आहे.’

सोमवारी मी तो बाईंना दाखवला. त्यांनी पहिलं वाक्य वाचलं आणि खुर्चीत सरळ बसल्या. मग नेहमीप्रमाणे एकेका परिच्छेदावर हात ठेवून त्यांनी विचारलं, हा कशाबद्दल? मी सांगितलं : काय नाही त्याबद्दल. हा? त्यामुळे काय होतं त्याबद्दल. आणि हा? काय हवं त्याबद्दल. वहिनीच्या पडण्याचं वाक्य मी आधी पहिल्या परिच्छेदात घातलं होतं. बाई म्हणाल्या, “हे दुसऱ्यातलं माणूस आहे, चुकून पहिल्या खोलीत शिरलंय.” तेवढं एक वाक्य त्यांनी हलवायला लावलं. बाकी कुठे लाल शाई लागली नाही.

कागद परत देताना त्या म्हणाल्या, “माझ्या वीस वर्षांच्या शिकवण्यात असा परिच्छेद मला कुणी लिहून दाखवला नव्हता.” मी शाळेपासून चाळीपर्यंत चालत आले की उडत आले, मला आठवत नाही.

खरी परीक्षा त्या संध्याकाळी झाली. अर्जावर मजल्यावरच्या सगळ्यांच्या सह्या-अंगठे हवे होते, म्हणून दिवेलागणीला पुरुष मंडळी गॅलरीत जमली. मी अर्ज वाचून दाखवला. पहिल्याच वाक्याला दोघातिघांनी माना खाली घातल्या. एकाने उगाच खाकरून घेतलं.

काकांनी कागद हातात घेऊन उलटसुलट बघितला. “मध्ये एवढी जागा का सोडलीय? ऑफिसवाल्यांना वाटेल, लिहायला काही नव्हतं म्हणून.”

“नवीन मुद्दा आला की ओळ सोडायची असते, काका.”

“बरं, असू दे. पण हे असले अर्ज इंग्रजीत द्यावे लागतात, पोरी. मराठीत दिलेल्याला तिथे कोण विचारतो? माझे मराठीतले दोन अर्ज गेले तसे गेलेच ना?”

“आणि मोर्च्यात काय इंग्रजीत ओरडताव?” बाबा मागून म्हणाले. मंडळी हसली. काकाही थोडे हसले. पण मग त्यांनी चष्मा काढला आणि गंभीर होऊन म्हणाले, “भाषेचं सोडा. पण घरातल्या बायकांची ही गोष्ट अशी उघडी लिहायची? कागद चार हातांत फिरणार. मी ‘गैरसोयी’ म्हटलं, ते काही मूर्खपणाने नाही. अब्रूचा विचार करून म्हटलं.”

ते खरं होतं. काकांनी आमची अब्रू झाकण्यासाठीच ते शब्द वापरले होते. मी बाबांकडे बघितलं.

बाबा चारचौघांत फारसे बोलायचे नाहीत. कमी ऐकू येत असल्यामुळे आपला आवाज फार मोठा लागेल, अशी त्यांना भीती असायची. पण त्या दिवशी ते उभे राहिले आणि मोठ्याच आवाजात बोलले. “माझी बायको सात महिने उघड्यावर बसते, तेव्हा अब्रू जात नाय. आणि कागदावर उघडं लिवलं की जाते? कागदाला कसली लाज? लाज आपल्याला वाटाया पायजे होती.”

बाबांनी शाईच्या पॅडवर अंगठा दाबला आणि अर्जाच्या खाली पहिला ठसा त्यांनी उठवला. मग काकांनी खिशाचं पेन काढलं. त्यांनी खूप सावकाश, आपल्या मोत्यासारख्या अक्षरात सही केली. त्यांच्यामागे बाकीच्यांनी. आजींच्या दारातून आतून आवाज आला, “मलाही शाई आणा.” माझ्याशी न बोलताच त्यांनी अंगठा दिला.

अर्ज टपालाने पाठवायचा नाही, हे आईने ठरवलं. शनिवारी आई, वहिनी, आणखी तीन बायका आणि मी, असे आम्ही ट्रामने गिरगावला गेलो. बायकांनी ठेवणीतली लुगडी नेसली होती. ऑफिस एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होतं. मॅनेजर टेबलामागे बसले होते, साठीचे, डोक्यावर काळी टोपी. आईने अर्ज पुढे केला. त्यांनी तो न बघता डाव्या हाताच्या कागदांच्या गठ्ठ्यावर ठेवला. “ठीक आहे. बघू. तुम्ही जा आता.”

आई हलली नाही. गिरणीत जॉबरसमोर, खात्याच्या मुकादमासमोर, उभं राहायची तिला सवय होती. “साहेब, आता वाचा. लहान आहे. पानभर पण नाही.” तिने शुद्ध बोलण्याचा सराव ट्राममध्ये केला होता.

मॅनेजरांनी कंटाळून कागद उचलला. पहिलं वाक्य वाचलं. चष्म्यावरून आमच्याकडे बघितलं, वहिनीच्या प्लास्टरकडे बघितलं आणि पुन्हा कागदाकडे. मग सगळा अर्ज त्यांनी शेवटपर्यंत वाचला, आणि मला खात्री आहे, पुन्हा एकदा वाचला. त्यांचे कान लाल झाले होते.

“सात महिने?” ते म्हणाले. “मला आधी कोणी कसं कळवलं नाही?”

“दोन अर्ज दिले, साहेब.”

त्यांनी शिपायाला फाइल आणायला सांगितली. काकांचे दोन्ही अर्ज तिच्यात होते, नीट टाचलेले. मॅनेजर ते चाळत राहिले आणि शेवटच्या ओळीवर थांबले. त्यानंतर ते जे म्हणाले त्याबद्दल मी त्यांना आजही मानते, कारण ते सहज खोटं बोलू शकले असते. ते म्हणाले, “हे मी पुरते वाचलेच नव्हते. अर्ध्या पानापलीकडे गेलो नाही. चूक माझी आहे.” मग अर्ज वर धरून त्यांनी विचारलं, “हा कोणी लिहिला? वकिलाने?”

आई म्हणाली, “माझ्या मुलीने. नववीत आहे.”

तिने ते ज्या आवाजात म्हटलं, तो आवाज मी पुढे आयुष्यात मिळालेल्या कुठल्याही शाबासकीच्या वर ठेवते. आईने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. ती ताठ उभी होती, समोर बघत.

बुधवारी सुतार आला. सोबत सफाई कामगार आले आणि त्यांनी तुंबलेला संडास साफ केला. गुरुवारी संध्याकाळपर्यंत दोन्ही संडासांना नवी दारं लागली होती, सागाची नव्हती, पण जाड फळ्यांची, आतून लोखंडी कडीची. सुतार हत्यारं आवरून गेला तरी कोणी पुढे होईना. मग बायकांनी वहिनीला पुढे ढकललं. ती आत गेली, कडी लावल्याचा खट्ट आवाज झाला. मग कडी काढल्याचा. पुन्हा लावल्याचा. तिने चार-पाच वेळा ती कडी लावली आणि काढली, आणि मग आतून तिच्या हसण्याचा आवाज आला. बाहेर उभ्या बायका हसायला लागल्या, हसता हसता दोघी रडायलाही लागल्या. पुरुष गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन खाली रस्ता बघत उभे राहिले.

आजींच्या छपराचा अर्ज मी त्याच महिन्यात लिहिला. त्यात फक्त छप्पर होतं. मे महिन्यात कौलं बदलली गेली. आजींनी मला घरी बोलावून घावणे खाऊ घातले आणि म्हणाल्या, “मागं बोलले ते मनात धरू नको गो.”

त्यानंतर दुसऱ्या मजल्यावरची, मग मागच्या चाळीची, मग लालबागेतून कुणाच्या ओळखीने, अशी माणसं आमच्याकडे यायला लागली. कुणाला शाळेच्या प्रवेशाचा अर्ज हवा असायचा, कुणाला गिरणीत रजेचा. मी सगळ्यांना तोच प्रश्न विचारायचे आणि बहुतेक जण पहिल्यांदा चुकीचं उत्तर द्यायचे. खरं उत्तर तिसऱ्या-चौथ्या वाक्यात यायचं, बोलता बोलता, जरा आवाज खाली गेला की. ते मी पहिलं वाक्य करायचे.

एके रविवारी काका आले. दुकानात त्यांची बढती अडली होती आणि मालकाला पत्र लिहायचं होतं. त्यांनी पत्र लिहून आणलं होतं, त्याच सुंदर अक्षरात. माझ्यापुढे ठेवून म्हणाले, “जरा हात ठेवून बघतेस का?” मी पुढे कित्येक वर्षं शाळेत मराठी शिकवलं, शेकडो वह्या तपासल्या, पण ज्याच्यावर तळहात ठेवून ‘हा कशाबद्दल आहे, काका?’ असं विचारलं, तो कागद मी विसरले नाही.

महाराष्ट्र राज्य झालं तेव्हा मी नुकतीच मॅट्रिकची परीक्षा दिली होती. चाळीला पताका लागल्या, चौकात टेबलं जोडून स्टेज केलं आणि संध्याकाळी सभा झाली. पुढारी बोलले, चाळीतले दोघे बोलले, सगळे पुरुष. मग गॅलरीतून बायकांनीच ओरडा केला, आमच्यातली एक बोलू दे. आणि आईला धरून त्यांनी स्टेजवर चढवलं. आईने आयुष्यात कधी भाषण केलं नव्हतं. माइकवाल्याने माइक खाली केला. तिने एकदा स्टेजच्या कडेकडे बघितलं. मला वाटलं, आता उतरते.

“मला एकच सांगायचं हाय,” आई म्हणाली. “चाळीत बालवाडी पायजे. आमी गिरणीत जातो तवा पोरं गॅलरीत ऱ्हातात. वहिनीचं पोर दोन वर्षांचं झालंय, ते जिन्यावरून दोनदा पडलं. राज्य आपलं झालं तर पोरांना बसायला एक खोली मिळूक होई. खोली तळमजल्यावर रिकामी हाय, मी बघून इलंय.”

आणि ती खाली उतरली. एवढंच. चौक आधी बावचळला आणि मग टाळ्या सुरू झाल्या. पहिली टाळी बाबांची होती, मला दिसलं. त्यांना अर्धंमुर्धं ऐकू आलं असणार, पण ते उभे राहून टाळ्या वाजवत होते. आणि आजूबाजूच्या माणसांना, आपला आवाज किती मोठा लागतोय याची पर्वा न करता, सांगत होते, “ती माझी बायको. आणि ती तिकडे उभी हाय ना, ती माझी मुलगी.”

ट्रस्टने तळमजल्याची ती खोली दिली आणि जूनमध्ये तिथे बालवाडी सुरू झाली. पहिल्या दिवशी अकरा मुलं आली.